नदीच्या गाळाची साक्ष: गोदावरी, मांजरा आणि पाण्यातले शंख

लातूरच्या शेतकऱ्यापुढे गोगलगायीचे नाव काढले की त्याला २०२२चा जुलै आठवतो. पेरणी साधली होती, सोयाबीन नुकतेच उगवून वर आले होते आणि शंखी गोगलगायींनी कोवळी रोपे रातोरात फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या या नुकसानीसाठी सरकारला मदत द्यावी लागली. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात अंथरायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा त्या पावसाळ्यातला घरोघरचा उद्योग होता. ही गोगलगाय मूळची आफ्रिकेतली, जमिनीवर राहणारी आणि पिकाची वैरी.

नदीतले शंख मात्र इथले जुने रहिवासी. विष्णुपुरी जलाशयाच्या काठच्या उथळ पाण्यात, नांदेडच्या घाटांच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर, मांजरेच्या बंधाऱ्यांच्या फुगवट्यात ते चिखलावरून सावकाश सरकत असतात. त्यांची कुणी दखल घेत नाही. जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांवर मात्र शंख-शिंपल्यांकडून गेली पन्नास वर्षे एक महत्त्वाचे काम करून घेतले जात आहे. भरती-ओहोटीच्या चिखलात शिसे, कॅडमियम, पारा, तांबे किती मुरले आहे, याचा अंदाज त्यांच्या शरीरातल्या धातूंवरून बांधला जातो. नांदेड-लातूरला समुद्र नाही. तरीही ही पद्धत आपल्या नद्यांना लागू पडते, आणि काही बाबतींत किनाऱ्याइतकीच गरजेची आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी आधी आपण नदीचे प्रदूषण कसे मोजतो ते पाहू.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. नाशिकच्या सोमेश्वर मंदिरापासून नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंतची गोदावरी त्या यादीत आहे. यादीची कसोटी जैविक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे बीओडीची. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर बीओडी गेला की पट्टा प्रदूषित. सांडपाण्यातून येणारी, कुजणारी घाण किती आहे हे त्यातून नेमके कळते. शिसे किंवा कॅडमियम यांच्याबद्दल मात्र बीओडी काहीच सांगत नाही. त्यामुळे उद्या मलनिस्सारण सुधारून एखादा पट्टा यादीतून बाहेर पडला, तरी तिथल्या गाळातला धातू होता तसाच राहू शकतो. धातू कुजत नाही, विघटन होऊन नाहीसा होत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातही तो बहुतांशी गाळात उतरतो आणि त्या गाळाबरोबर पुढे जातो.

मग नदीच्या पाण्यातच धातू का मोजू नयेत? मोजतात, आणि मोजायलाच हवेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस १०५००, २०१२) शिशाला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमला ०.००३ मिलिग्रॅम एवढीच मुभा देते. पण बाटलीत भरलेले पाणी त्या क्षणाचे असते. रात्री एखाद्या नाल्यातून रसायन सोडले आणि सकाळी नमुना घेतला, तर तोपर्यंत ते पाणी पुढे निघून गेलेले असते. शिवाय धातू पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत, ते बारीक मातीच्या कणांना चिकटतात. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती तर धातू धरून ठेवण्यात फार पटाईत आहे. म्हणून पाण्याचा अहवाल निर्दोष येतो आणि तळाचा गाळ दरवर्षी थोडा थोडा भरत जातो. त्या गाळावरचे शेवाळ आणि कुजका पाचोळा खरवडून खाणारा, फारसा न हलणारा, वर्ष-दोन वर्षे एकाच टापूत जगणारा प्राणी या साठ्याची खबर देऊ शकतो.

किनाऱ्यावर ही कल्पना रुजली ती आधी शिंपल्यांच्या रूपाने. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपले गोळा करून प्रदूषणावर पाळत ठेवण्याची सूचना केली आणि १९८६ पासून अमेरिकेने आपल्या किनाऱ्यांवर ती सरकारी कार्यक्रम म्हणून सुरू केली. १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रायन, लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी खाड्यांतले धातू सजीवांच्या मदतीने कसे मोजावेत याची मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात शिंपल्यांबरोबर किनाऱ्यावरचे छोटे शंखही आहेत. मलेशियात सी. के. याप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारफुटीच्या चिखलातला टेलिस्कोपियम हा लांबट शंख आणि खडकांवरचा नेरिटा यांच्यावर याच हेतूने बरेच काम केले. चिखलात राहणारा शंख आणि खडकाला चिकटलेला शंख एकाच खाडीबद्दल वेगवेगळे सांगतात, कारण एकाचे अन्न गाळातून येते आणि दुसऱ्याचे खडकावरच्या थरातून. साक्षीदार कुठे राहतो आणि काय खातो, हे आधी ठाऊक हवे.

या शास्त्राला जगात खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती मात्र एका शंखानेच. जहाजांच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन हे कथिलयुक्त रसायन रंगात मिसळत. ब्रिटनच्या प्लिमथ परिसरातल्या डॉगव्हेल्क या शंखाच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागल्याचे १९७० मध्ये नोंदवले गेले. ब्रायन आणि गिब्ज यांनी १९८०च्या दशकात त्याचा संबंध या रसायनाशी जोडला. पाण्यात लिटरमागे एक-दोन नॅनोग्रॅम, म्हणजे साध्या उपकरणाला सापडणारही नाही एवढे रसायन त्या शंखाला पुरेसे होते. पुढे या रसायनाविरुद्ध २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ मध्ये तो अमलात आला. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००६ मध्ये गायरिनियम नॅटेटर हा शंख भारतीय किनाऱ्यावर हीच विकृती दाखवतो असे प्रसिद्ध केले. याच संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी १९८१ मध्ये ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर लिहिले होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धातूंचा विषय नवा नाही.

मराठवाड्यालाही तो नवा नाही, आणि याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे अभ्यासक आर. नागभूषणम आणि यू. एच. माने १९७०च्या दशकात रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीत जाऊन शिंपल्यांच्या प्रजननाचा अभ्यास करत होते. या परंपरेतून पुढे विद्यार्थी घडले आणि त्यांनी किनाऱ्यावरची नजर आपल्या नद्यांकडे वळवली. गोदावरीतले लॅमेलिडेन्स, पॅरेशिया, कॉर्बिक्युला हे गोड्या पाण्यातले शिंपले मराठवाड्याच्या प्रयोगशाळांत आले ते असे. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचा परिसर विष्णुपुरीलाच आहे, म्हणजे विभागातून निघून थोडे चालले की गोदावरीचा जलाशय.

या संशोधनाचा मोठा भाग मात्र विषबाधेच्या प्रयोगांचा आहे. नदीतून शिंपले किंवा शंख आणायचे, काचेच्या टाकीत ठेवायचे, तांबे, पारा, कॅडमियम किंवा जस्ताचे क्षार मिसळायचे आणि ९६ तासांत निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात ते काढायचे. मग प्रथिने, ग्लायकोजेन, श्वसनाचा वेग कसा बदलला ते नोंदवायचे. यातून प्राण्याच्या शरीरावर काय परिणाम होतो ते कळले, अनेक प्रबंध झाले आणि तरुण संशोधकांना हात बसवायला मिळाला. पण या मात्रा नदीतल्या मात्रेपेक्षा बहुधा कितीतरी पट जास्त असतात. प्राणी किती विषाने मरतो याचे उत्तर मिळाले. आज नांदेडच्या खाली गोदावरीत किती विष आहे, दहा वर्षांपूर्वी किती होते, हे प्रश्न तसेच राहिले. पुढची मेहनत या दुसऱ्या प्रश्नावर खर्च व्हावी असे मला तीव्रतेने वाटते.

तो सोडवण्यासाठी सर्वांत योग्य प्राणी कोणता? माझे मत बेलामिया बेंगालेन्सिसला. आपल्या तळ्या-नद्यांत सहज दिसणारा, तपकिरी-हिरवट रंगाचा, अंगावर गडद पट्टे असलेला हा शंख. तोंडावर शिंगासारख्या पदार्थाचे पातळ झाकण आणि झाकणावर एकात एक वर्तुळे. हातात घेतला की तो अंग आत ओढून झाकण घट्ट लावतो. पाण्यात शांत ठेवला की काही वेळाने दोन शिंगे बाहेर येतात आणि नर-मादी तिथेच ओळखता येतात, कारण नराचे उजवे शिंग जाड आणि आखूड असते. मादी अंडी घालत नाही, पूर्ण घडलेली, कवच असलेली पिल्ले पोटात वाढवते. हा तपशील मोजमापात फार महत्त्वाचा आहे. पोटात पिल्ले असलेल्या मादीचे वजन वाढते आणि तिच्या अंगातला धातू वजनाच्या हिशेबाने कमी दिसतो. नर-मादी एकत्र दळून काढलेला आकडा म्हणूनच भरवशाचा नसतो. हा शंख गाळावरचे खरवडून खातो आणि कल्ल्यांतून पाणी गाळूनही काही अन्न घेतो, त्यामुळे गाळ आणि पाणी या दोन्हींची छाप त्याच्यावर उमटते. धातू प्रामुख्याने साठतो तो पचनग्रंथीत. कवच फोडले की अगदी वरच्या वेटोळ्यात ती हिरवट-काळपट दिसते. मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिने कॅडमियमसारख्या धातूला तिथे बांधून ठेवतात, म्हणून शंख मरत नाही आणि साठा वाढत जातो.

सगळे धातू मात्र असे साठत नाहीत. शंखांच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, ऑक्सिजन वाहण्याचे काम तेच करते. त्यामुळे तांबे आणि जस्त यांच्यावर शंखाचे शरीर स्वतः नियंत्रण ठेवते. त्यांचा आकडा वाढलेला दिसला म्हणून लगेच बोंब मारू नये, आणि नाही दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नये. शिसे आणि कॅडमियम यांची साक्ष जास्त विश्वासाची.

आपल्या भागात याला आणखी एक ठोस कारण आहे. नांदेड-लातूरचा बराचसा प्रदेश दख्खनच्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यात तांबे, निकेल, क्रोमियम निसर्गतःच भरपूर. जगभर गाळाची तुलना १९६१ मध्ये मांडलेल्या सरासरी शेल खडकाच्या आकड्यांशी करण्याची प्रथा आहे. त्यात तांबे दहा लाखांत ४५ भाग, क्रोमियम ९०, शिसे २०, कॅडमियम ०.३. आपल्या बेसॉल्टमध्ये तांबे सहज १०० भागांच्या पुढे जाते. एखाद्या प्रबंधाने ही तुलना डोळे मिटून केली, तर कुठलाही कारखाना नसलेल्या बालाघाटच्या ओढ्यातला गाळही प्रदूषित ठरेल. उलट शिसे या दगडात फारच थोडे असते. मराठवाड्यात गाळात किंवा शंखात शिसे वाढलेले दिसले, तर ते माणसाच्या हातून आले असण्याचीच शक्यता अधिक. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून आली. पण जुने रंग, बॅटऱ्यांची मोडतोड, गॅरेजचे तेलकट पाणी, मूर्तींवरचे रासायनिक रंग हे मार्ग उरलेच आहेत. कॅडमियम फॉस्फेट खतांतूनही येते. आणि शेतकऱ्याच्या परिचयाचे कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पावसाबरोबर ओढ्यात उतरते ते वेगळेच.

पाण्याचा जडपणाही हिशेबात घ्यावा लागतो. शंखाला कवचासाठी सतत कॅल्शियम लागते आणि शिसे, कॅडमियम त्याच वाटेने शरीरात शिरतात. पाणी जड असले, म्हणजे कॅल्शियम भरपूर असले, की ती वाट आधीच व्यापलेली असते आणि धातू कमी शिरतो. उलट २००६ मध्ये ग्रोसेल आणि सहकाऱ्यांनी लिम्निया या गोड्या पाण्यातल्या शंखाच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची वाढ लिटरमागे ४ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी शिशानेही खुंटते असे दाखवले. आपल्या पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. माणसाला चालणारे पाणी शंखाच्या पिल्लाला सोसत नाही, एवढा तो संवेदनशील. मराठवाड्यातले पाणी पुष्कळ ठिकाणी जड, म्हणून परदेशातले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. प्रत्येक नमुन्याबरोबर पाण्याचा जडपणा नोंदवलाच पाहिजे.

आता भरती-ओहोटीकडे येऊ. किनाऱ्यावरचा चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि दोनदा बुडतो. मराठवाड्यातल्या नदीत हेच घडते, फक्त वर्षातून एकदा. बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानुसार त्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, पुढे ते बंद होऊन धर्माबादकडची गोदावरी तुंबते. मांजरेचे तर काही ठरलेलेच नसते. २०१६ मध्ये धनेगावचे धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, हे कुणी विसरलेले नाही. त्या काळात नदीच्या तळाचे काय झाले, इकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही.

रसायनशास्त्र सांगते ते असे. सांडपाण्याने तुंबलेल्या डोहाच्या तळाशी ऑक्सिजन नसतो. तिथे गंधकाची संयुगे, सल्फाइडे, तयार होतात आणि शिसे, कॅडमियम, जस्त त्यांच्याशी घट्ट बांधले जातात. काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा तो गाळ दिसायला भयंकर, पण धातू त्यात बऱ्यापैकी बंदिस्त असतात. पाणी आटून तो उघडा पडला, भेगाळला, हवा आत शिरली की सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होते आणि धातू मोकळे होतात. मग मृगाचा पहिला लोंढा ते घेऊन पुढे जातो. म्हणजे दुष्काळानंतरचा पहिला पूर धातूंच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असू शकतो, आणि नेमक्या त्या काही दिवसांत नमुना घ्यायला तिथे कुणी नसते. शंख असतो. पाणी ओसरताना बेलामिया चिखलात उतरतो, झाकण लावून पडून राहतो आणि पाणी आले की पुन्हा खायला लागतो. महिन्याभराने गोळा केला तरी त्याने लोंढ्यानंतर खाल्लेल्या अन्नाची छाप त्याच्या पचनग्रंथीत उरलेली असते. भरती-ओहोटीच्या चिखलासाठी तयार झालेले शास्त्र मांजरेसारख्या नदीला लागू पडते ते या कारणाने.

यात शेतकऱ्याचा थेट संबंध आहे. त्याच २०१६ मध्ये लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेचे पात्र खोल केले. पुढच्या वर्षी राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. तलावांचा गाळ शेतात टाकणे ही चांगलीच गोष्ट आहे, हलक्या रानाला त्याने जीव येतो आणि मी तिच्या बाजूने आहे. पण आडरानातल्या पाझर तलावाचा गाळ आणि शहराच्या नाल्याखालच्या बंधाऱ्याचा गाळ एक नव्हे. पहिला बिनघोर उचलावा. दुसरा उचलण्याआधी शिसे आणि कॅडमियम तपासावे. भाजीपाल्याच्या, विशेषतः पालेभाज्यांच्या रानात तो तपासल्याशिवाय टाकूच नये, कारण कॅडमियम पानांत सहज चढते.

नांदेडच्या गोदावरीची पहिली अडचण सांडपाण्याची आहे. २००८च्या शिखांच्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने घाट झाले, मलनिस्सारणाची कामे झाली, तरीही नाल्यांचे पाणी नदीत जाते. नाले बंद करण्याला पर्याय नाही आणि शंखांच्या अभ्यासाचे कारण पुढे करून ते काम कुणी लांबवू नये. दुसरी अडचण वाळूउपशाची. यंत्रांनी तळ उपसला की शिंपल्यांच्या आणि शंखांच्या वसाहतीच नष्ट होतात. त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचे आणि शंख खाणाऱ्या मुग्धबलाकांचे अन्नही जाते.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. विष्णुपुरी जलाशय शहराच्या वर, म्हणून तुलनेसाठी एक ठिकाण तिथे. दुसरे शहराच्या खाली, नाले मिळाल्यानंतर. लातूरला मांजरेच्या नागझरी बंधाऱ्याजवळ एक आणि वर धनेगावला एक. वर्षातून दोनदा, पूर ओसरल्यावर नोव्हेंबरात आणि पाणी आटण्याआधी फेब्रुवारीत. प्रत्येक ठिकाणी एकाच आकाराचे शंख घ्यायचे, नर-मादी वेगळे ठेवायचे. एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून पोटातला गाळ निघून जाऊ द्यायचा, नाहीतर शंखाऐवजी चिखलच मोजला जातो. लोखंडी चाकू टाळून प्लास्टिकच्या साधनांनी पचनग्रंथी काढायची, वाळवायची, नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्रावर शिसे, कॅडमियम मोजायचे. सोबत गाळाचा नमुना आणि पाण्याचा जडपणा. यंत्र बरोबर मोजते आहे का, हे प्रमाणित नमुन्याने दरवेळी पडताळायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, वाळवलेल्या ऊतीचा थोडा भाग कुपीत जपून ठेवायचा. वीस वर्षांनी चांगले यंत्र आले तर आजची नदी तेव्हाही मोजता येईल.

सध्या दर विद्यार्थ्याचा प्रबंध नवा प्राणी, नवे ठिकाण, नवा महिना निवडतो आणि दोन प्रबंधांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. नवेपणाचा हा आग्रह विद्यापीठाने या एका विषयापुरता तरी सोडावा. तेच चार पाणवठे, तोच शंख, तीच पद्धत, आणि दर बॅचच्या विद्यार्थ्यांनी मागच्या बॅचच्या नोंदवहीत आपले पान जोडायचे. नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की निधीच्या मंजुरीची वाट न पाहता पहिले नमुने येत्या फेब्रुवारीत, मांजरा आटायच्या आत, गोळा करून वाळवून ठेवावेत. मोजणी नंतर होऊ शकते, पण आटलेल्या नदीतून त्या वर्षाचा नमुना पुन्हा मिळत नाही.